चित्रखूण आणि तिच्यावरील बट्टा

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून लढायांचा, राजघराण्यांचा, फार तर नाण्यांचा आणि लिप्यांचा इतिहास ऐकण्याची श्रोत्यांना सवय आहे. संगणकाच्या पडद्यावर नखाएवढी जी चित्रे दिसतात, त्यांच्या फायली एका साच्यातून काढून दुसऱ्या साच्यात कशा घालतात, हा विषय जाहीर झाल्यावर पुष्कळांनी आम्हांस विचारले की, ह्यात इतिहास तो कोणता? आमचे उत्तर एवढेच की, जेथे लोक एखादा करार करतात, कोणी त्या कराराचे दाम मागतो, आणि मग उरलेले एकत्र येऊन दुसरा करार करतात, तेथे इतिहास असतोच. मग ती जागा शनिवारवाडा असो, नाहीतर बत्तीस ठिपक्यांचा एक चौकोन असो.

ह्या विषयाकडे आम्ही वळलो ते मात्र विद्वत्तेपोटी नव्हे, एका अडचणीपोटी. आमचा ज्या ग्रंथालयाशी संबंध आहे, त्याचे एक जुने बोधचिन्ह आहे : उघडे पुस्तक आणि त्यामागे तेवती समई. ते ज्यांनी काढले ते सभासद आता हयात नाहीत, आणि मूळ कागद कपाटे हलविण्याच्या धांदलीत कधीच गहाळ झाला. उरली होती ती एक फाईल. २००१ साली एका विद्यार्थ्याने ग्रंथालयाचे संकेतस्थळ उभे केले, त्या वेळी चिन्हाची आयकॉन-फाईल करून ठेवली होती. नावाच्या शेवटी 'डॉट आयको' अशी शेपटी असलेली. स्मरणिका काढावयाचे ठरले तेव्हा छापखान्यातून निरोप आला, "ही फाईल आमच्याकडे उघडत नाही, पीएनजी करून आणा." आमच्यातील एका उत्साही गृहस्थांनी कोणत्याशा अनोळखी संकेतस्थळाकडे ती धाडली आणि पीएनजी करून आणली. आलेले चित्र पाहून सगळेच गप्प झाले. पुस्तक ओळखू येत होते. पण त्यामागे समई आहे की उभा धरलेला केरसुणीचा बुडखा, हे सांगता येईना. छापखान्यातले गृहस्थ म्हणाले, "मुळात चित्र एवढेच असणार." आम्हांस ते पटेना.

पेशवाईच्या उत्तरकाळात आपल्याकडे एकच एक रुपया नव्हता, हे श्रोत्यांना ठाऊक आहे. अंकुशी रुपया होता, चांदवडी होता, आणखी कितीतरी होते. प्रत्येकाची टांकसाळ वेगळी, कस वेगळा. एका पेठेतले नाणे दुसऱ्या पेठेत चालवावयाचे म्हणजे सराफाची पायरी चढावी लागे. सराफ नाणे वाजवून पाही, त्याची पारख करी आणि बट्टा कापून दुसरे नाणे हातावर ठेवी. १८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलखापुरता एक रुपया ठरविला, तरी जुनी नाणी बाजारातून जावयास पुढे बराच काळ लागला. आयकॉनची फाईल हे असेच एका टांकसाळीचे नाणे आहे, आणि पीएनजी हे सर्व पेठांत चालणारे. ह्या दोहोंच्या मध्ये जो रूपांतर करणारा बसतो, तो सराफ. तो बट्टा किती कापतो आणि नाणे वाजवून पाहतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आता टांकसाळीकडे जाऊ. 'आयकॉन' हा ग्रीक शब्द, अर्थ प्रतिमा. पूर्वेकडील ख्रिस्ती देवळांतील पूज्य चित्रांना तो शतकानुशतके लावला गेला. संगणकाच्या पडद्यावरील खुणेला तो लावला डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ ह्यांनी, १९७५ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठाला सादर केलेल्या 'पिग्मॅलियन' ह्या प्रबंधात. पुढे झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर कचेरीतल्या टेबलाप्रमाणे कागद, फायली, टपालाची पेटी अशी चित्रे मांडलेली होती. कल्पना उत्तम होती, पण यंत्र महाग; सामान्य माणसापर्यंत ते पोचले नाही.

पोचले ते अ‍ॅपल कंपनीचे मॅकिन्टॉश, १९८४ च्या जानेवारीत. त्याची चित्रे सुझन केअर ह्या बाईंनी काढली. केअर ह्या कलेतिहासात डॉक्टरेट मिळविलेल्या. यंत्रशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. शाळेतल्या एका जुन्या मित्राने त्यांना ह्या कामाला बोलाविले, आणि त्यांनी काय केले, तर चौकटींच्या कागदाची वही विकत आणली. उभ्या बत्तीस, आडव्या बत्तीस, एकूण १,०२४ चौकटी. प्रत्येक चौकट एकतर काळी करावयाची, नाहीतर पांढरी ठेवावयाची. करडा रंगसुद्धा नाही. ह्यातून त्यांनी हसरे यंत्र काढले, कचऱ्याची पेटी काढली, वातीचा बाँब काढला, मनगटी घड्याळ काढले. आपल्याकडे मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने मोर भरणाऱ्या किंवा ठिपके मोजून रांगोळी घालणाऱ्या स्त्रियांना हे काम समजावून सांगावे लागणार नाही. एक ठिपका चुकला तर मोराची मान मोडते. आम्हांस असे वाटते की, ह्या लहान चित्रांच्या इतिहासात यंत्रे करणाऱ्यांची नावे जितक्या आदराने घेतली जातात, तितक्याच आदराने ह्या चौकटींच्या वहीचेही नाव घेतले पाहिजे. गंमत अशी की, पुढे १९९० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोजची तिसरी आवृत्ती निघाली, तिच्यातीलही पुष्कळ चित्रे केअर ह्यांच्याच हातची आहेत. टांकसाळी दोन, पण ठसे कोरणारा हात एकच.

आमची 'डॉट आयको' फाईल ही विंडोजच्या टांकसाळीतली. १९८५ च्या नोव्हेंबरात विंडोजची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासूनची ही जात. तिची रचना जरा तपशिलाने सांगावी लागेल, कारण सगळी गोम तिच्यातच आहे.

लोकांची समजूत अशी की, आयकॉनची फाईल म्हणजे एक चित्र. ती चूक आहे. ती एक पेटी आहे. तिच्या तोंडाशी सहा बाइटांची एक चिठ्ठी असते. तीत शेवटी लिहिलेले असते की, आत चित्रे किती आहेत. मग प्रत्येक चित्रामागे सोळा बाइटांची एकेक नोंद : रुंदी किती, उंची किती, रंग किती, चित्र किती बाइटांचे, आणि पेटीत ते कोठून सुरू होते. एकच चिन्ह सोळा ठिपक्यांत, बत्तीस ठिपक्यांत, अठ्ठेचाळीस ठिपक्यांत असे वेगवेगळे काढून एकाच पेटीत ठेवण्याची ही सोय. पडद्यावर जागा जेवढी असेल तेवढे चित्र विंडोज उचलते. हे शहाणपणाचेच होते. कारण अठ्ठेचाळीस ठिपक्यांचे चित्र यंत्राने आवळून सोळांत बसविले तर त्याचा चिखल होतो. लहान चित्र लहान म्हणूनच काढावे लागते.

ह्या नोंदीत रुंदीसाठी एकच बाइट दिलेला आहे. एका बाइटात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. म्हणून २५६ लिहावयाचे झाल्यास शून्य लिहितात! घरातल्या घरात असे संकेत चालून जातात. बाहेरच्या माणसाला मात्र शून्य रुंदीचे चित्र पाहून घेरी यावी. दुसरा संकेत ह्याहून विलक्षण. प्रत्येक चित्राबरोबर एक दुसरे, निव्वळ होय-नाहीचे चित्र ठेवलेले असते. त्याला मुखवटा म्हणतात. कोठे पाठीमागचा पडदा दिसू द्यावयाचा आणि कोठे झाकावयाचा, हे मुखवटा सांगतो. ही दोन चित्रे एकावर एक रचलेली असल्याने आतल्या मथळ्यात उंची दुप्पट लिहितात. बत्तीस ठिपक्यांच्या चित्राची उंची चौसष्ट लिहिलेली आढळते. ठिपक्यांच्या ओळी खालून वर लिहितात, आणि रंग तांबडा, हिरवा, निळा ह्या रूढ क्रमाने न लिहिता उलट, निळ्यापासून लिहितात. मोडीचा कागद हाती आलेल्या नवशिक्यासारखी वाचणाऱ्याची गत होते : अक्षर तर दिसते, पण शब्द कोठे तोडावा ते कळत नाही.

मुखवट्याचा आणखी एक खेळ होता. मुखवटा 'दिसू दे' म्हणतो आणि रंगाचे चित्र मात्र तेथे पांढरा देते, असे झाले की तो ठिपका पाठीमागच्या पडद्याचा रंग उलटा करून दाखवितो. काळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर काळा. म्हणजे ह्या ठिपक्याला स्वतःचा रंगच नाही. तो जेथे जाईल तेथल्या रंगाच्या विरुद्ध उभा राहतो. असे ठिपके आमच्या फायलीत नव्हते. पण ज्या जुन्या फायलींत आहेत, त्यांचा प्रश्न पुढे यावयाचाच आहे.

हे घरगुती नाणे घराबाहेर पडले १९९९ मध्ये. त्या वर्षीच्या मार्चात मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररची पाचवी आवृत्ती काढली. एखादे संकेतस्थळ कोणी आवडते म्हणून नोंदवून ठेवले की, हा ब्राउझर त्या स्थळाकडे 'फॅविकॉन डॉट आयको' ह्या नावाची फाईल मागे आणि मिळाली तर सोळा ठिपक्यांचे चित्र नावाशेजारी लावी. पाहता पाहता जगभरच्या संकेतस्थळांनी अशा फायली करून ठेवल्या. आमच्या विद्यार्थ्याची फाईलही ह्याच लाटेतली. एका कंपनीचा घरचा साचा असा सगळ्या पेठांत शिरला, पण शिरताना त्याने सगळ्यांची संमती घेतली होती असे म्हणता येत नाही. शिवाय त्या मागणीची नोंद संकेतस्थळाच्या दप्तरी पडे, आणि आपले पान किती जणांनी नोंदवून ठेवले, ह्याचा सुगावा मालकाला लागे. चित्र मागणाऱ्या सामान्य माणसाला ह्याची वार्ताही नसे.

आता दुसऱ्या नाण्याची जन्मकथा. ती आम्हांस जास्त प्रिय आहे.

१९८७ च्या जूनमध्ये कॉम्प्युसर्व्ह ह्या अमेरिकन कंपनीने 'जिफ' नावाचा चित्रांचा साचा काढला आणि तो कोणीही वापरावा म्हणून जाहीर केला. चित्र लहान करून साठविण्यासाठी त्यात लेम्पेल, झिव्ह आणि वेल्च ह्या तिघांच्या नावाने ओळखली जाणारी रीत वापरली होती. वेल्च ह्यांनी ती १९८४ मध्ये एका नियतकालिकात छापली होती. लोकांनी ती वाचली आणि उचलली. छापलेल्या लेखामागे पेटंटचा अर्ज आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात आले नाही. पेटंट १९८५ मध्ये मंजूर झाले आणि पुढे ते युनिसिस कंपनीकडे आले. सात-आठ वर्षे जिफ सर्वत्र पसरला. मग १९९४ च्या डिसेंबरअखेर, नाताळच्या सुटीत, जाहीर झाले की जिफ वापरणारे प्रोग्राम विकणाऱ्यांना परवाना घ्यावा लागेल आणि त्याचे दाम मोजावे लागतील. गावाने वर्षानुवर्षे ज्या वाटेने बैलगाड्या नेल्या, ती वाट आमच्या सातबाऱ्यावर आहे, असे एखाद्याने सुगीच्या दिवसांत सांगावे, तसा हा प्रकार झाला. कायद्याने मागणी खरी असेल; पण लोकांच्या मनाला ती लागली.

ह्या गोष्टीला आठवडा होतो न होतो तोच, १९९५ च्या जानेवारीच्या ४ तारखेला, टॉमस बाउटेल ह्यांनी नव्या साच्याचा पहिला मसुदा चर्चेसाठी सर्वांपुढे ठेवला. कोणाचा हुकूम नव्हता. निरनिराळ्या ठिकाणची माणसे टपालाने भांडली, दुरुस्त्या सुचविल्या, आणि मार्चच्या सुरुवातीपर्यंत साचा पक्का केला. १९९६ च्या १ ऑक्टोबरला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ह्या संस्थेने त्याची शिफारस केली. हाच पीएनजी. उच्चार 'पिंग' करावा असे मसुद्यातच लिहिले आहे. आपण सगळे मात्र अक्षरे सुटी सुटी म्हणतो. रुपया सरकारने पाडला होता. हे नाणे गिऱ्हाइकांनी पाडले. दाबून साठविण्याची जी रीत त्यांनी निवडली, ती पेटंटच्या कचाट्यात नव्हती. जिफमध्ये फार तर २५६ रंग, येथे कोट्यवधी. जिफमध्ये ठिपका एकतर दिसे नाहीतर नसे. येथे पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या.

दुधाने तोंड पोळलेली माणसे ताकही फुंकून पितात. ह्या साच्याचे पहिले आठ बाइट पाहिले म्हणजे त्याची खूण पटते. ते असे : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले ८०, ७८, ७१ म्हणजे पी, एन, जी ही अक्षरे. पहिला १३७ मुद्दाम मोठा घेतला, कारण वाटेतल्या एखाद्या यंत्राने प्रत्येक बाइटाचा आठवा बिट छाटला तर हा आकडा लगेच बदलतो आणि चोरी उघडकीस येते. १३ आणि १० ही ओळ संपल्याची चिन्हे. काही यंत्रे ती आपल्या मनाने बदलीत, म्हणून ती पहारेकरी म्हणून उभी केली. पुढे मजकुराचे एकेक खण, प्रत्येक खणाला चार अक्षरांचे नाव आणि शेवटी पडताळ्याचा आकडा. नावातले पहिले अक्षर मोठ्या लिपीत असेल तर तो खण अत्यावश्यक; लहान लिपीत असेल आणि वाचणाऱ्याला कळला नाही तर त्याने तो निमूटपणे ओलांडावा. उद्या कोण काय भर घालील हे आज माहीत नाही, म्हणून त्याला जागा ठेवून दिलेली. २०२५ मध्ये ह्या साच्याची तिसरी आवृत्ती निघाली, तरी १९९६ चे चित्र अजून उघडते, ते ह्या दूरदृष्टीमुळे.

जुनी नाणी एकदम गेली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. इंटरनेट एक्सप्लोररला पारदर्शकतेच्या पायऱ्या नीट दाखवावयास २००६ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत वेळ लागला; तोवर पीएनजी वापरणाऱ्यांना चित्रामागे करड्या रंगाचे ठोकळे पाहावे लागत. जिफचे अमेरिकन पेटंट २००३ च्या जूनमध्ये संपले. पण सर्वांत मौजेची गोष्ट २००७ सालची. विंडोज व्हिस्टा बाजारात आली आणि आयकॉन २५६ ठिपक्यांचे झाले. असे एक चित्र न दाबता ठेवावयाचे तर २,६२,१४४ बाइट खर्ची पडतात. तेव्हा मायक्रोसॉफ्टने काय केले? आपल्या पेटीत सबंध पीएनजी फाईल जशीच्या तशी ठेवण्याची मुभा दिली. टांकसाळीनेच सराफकट्ट्यावरचे नाणे आपल्या थैलीत घातले.

राहिला सराफ. पूर्वी हे रूपांतर करण्यास प्रोग्राम विकत घ्यावा लागे, किंवा फाईल परक्या संगणकाकडे धाडावी लागे. २००४ मध्ये अ‍ॅपलने आपल्या ब्राउझरमध्ये 'कॅनव्हास' आणला; म्हणजे पानातच एक कोरा फळा, ज्यावर प्रोग्रामने ठिपके काढावे. इतर ब्राउझरांनीही तो घेतला. २०१० च्या सुमारास ब्राउझरांना आपल्या संगणकावरची, आपण निवडून दिलेली फाईल वाचता येऊ लागली. ह्या दोन गोष्टी जुळल्या आणि काम घरच्या घरी होऊ लागले : फाईल वाचावयाची, चित्र फळ्यावर काढावयाचे, फळ्यावरचे ठिपके पीएनजी म्हणून उतरवून घ्यावयाचे. नियम असा आहे की, फळ्यावरचे चित्र उतरवून देताना प्रत्येक ब्राउझरला पीएनजी आलेच पाहिजे. आणि तुम्ही त्याला न येणारा साचा मागितलात तर तो पीएनजीच देतो. ह्या रीतीत फाईल घराबाहेर जातच नाही. आमच्या समईच्या चित्रात लपविण्यासारखे काही नव्हते. पण आज चिन्ह धाडणारा हात उद्या त्याच सवयीने दस्तऐवज आणि घरच्यांची छायाचित्रेही धाडतो, म्हणून आम्ही ह्या गोष्टीस महत्त्व देतो. अर्थात पानावर 'येथेच रूपांतर होते' असे लिहिलेले पुरेसे नाही; पान उघडून झाल्यावर इंटरनेटची जोडणी तोडावी आणि मग फाईल द्यावी. काम झाले तर बोलणे खरे.

तरी बट्टा बसतो तो बसतोच. पीएनजीत एकच चित्र; म्हणून पेटीतली बाकीची चित्रे गळतात, आणि फळ्यावर चित्र काढताना त्यांतले कोणते उचलावयाचे हे ब्राउझर आपल्या मनाने ठरवितो. अर्धपारदर्शक ठिपक्यांचे रंग फळ्यावरून जाऊन येताना किंचित सरकतात, कारण फळा ते पारदर्शकतेने गुणून ठेवतो आणि परत भागताना अपूर्णांक सांडतात. आणि तो विरुद्ध रंगाचा ठिपका? त्याला पीएनजीत जागाच नाही. कोणी त्याला काळा करतो, कोणी पुसून टाकतो. चांगला सराफ म्हणून फळ्याकडे धाव घेत नाही. आधी पेटीवरची चिठ्ठी वाचतो, आत काय काय आहे ते गिऱ्हाइकापुढे मांडतो, आणि एखादे चित्र मुळातच पीएनजी असेल तर त्याला हात न लावता तसेच काढून देतो. तेथे बट्टा शून्य.

आमच्या फायलीची चिठ्ठी आम्ही अखेर स्वतः वाचली. ग्रंथालयात बसून, एका महाविद्यालयीन मुलीच्या मदतीने, बाइट एकामागून एक कागदावर उतरवून घेतले. संख्येच्या जागी तीन होते. पहिली नोंद सोळा ठिपक्यांची, दुसरी बत्तीसची, तिसरी अठ्ठेचाळीसची. त्या अनोळखी सराफाने पहिले नाणे उचलून दुकान बंद केले होते. तिसऱ्या चित्रात २,३०४ ठिपके होते, म्हणजे पहिल्याच्या नऊपट, आणि मुलीने ते पीएनजी करून पडद्यावर मोठे केले तेव्हा समई समईसारखी दिसली, खालचा पायासुद्धा.

छपाईला तेवढे ठिपके पुरण्यासारखे नव्हते. तेव्हा आमच्या एका चित्रकला-शिक्षक सभासदांनी चौकटींचा कागद आणला, अठ्ठेचाळीस बाय अठ्ठेचाळीस चौकटी आखून ते चित्र ठिपक्याला ठिपका उतरविले, आणि त्यावरून शाईने मोठे चित्र काढले. स्मरणिकेवर तेच छापले आहे. समईला वाती किती, ह्यावर कार्यकारी मंडळात दोन तट होते. एक जुने सभासद सात म्हणत, बाकीचे पाच. पडद्यावर मोजल्या तेव्हा पाच भरल्या. सात म्हणणाऱ्यांनी स्मरणिका हाती घेऊन बराच वेळ पाहिली आणि विचारले, "त्या पेटीत चौथे चित्र नव्हते ना?" नव्हते. आम्ही दोनदा मोजले होते.